मी, निषाद आणि कानातली बाई

मी एक जुना संगणक आहे. पुण्याजवळच्या भुकूमला धोंडाबाईंच्या खोल्यांपैकी शेवटच्या खोलीत, खिडकीखालच्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्या पाठीमागे कधी डोकावलात तर तुम्हाला वायरींचं भलंमोठं जंजाळ दिसेल. लोक ते बघून नाक मुरडतात. मला मात्र त्याचा फार अभिमान होता. कळफलक वायरीने, माऊस वायरीने, स्पीकर वायरीने, टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेटही वायरीनेच. जे मला बांधलेलं आहे ते माझं, बाकीच्याशी माझा संबंध नाही, असा माझा सरळ कारभार होता. त्यामुळे २००९ साली माझ्यावर जो प्रसंग आला त्याने मी मुळापासून हादरलो. आजही तो आठवला की माझा पंखा उगाचच जोरात फिरायला लागतो.

माझा जन्म २००३ सालचा, बावधनला दयानंदच्या दुकानातला. कंपनीच्या खोक्यातून सजूनधजून येणाऱ्यांपैकी मी नव्हे. दयानंदने पुण्यात तपकीर गल्लीत फिरून माझा एकेक भाग जमवला आणि एका दुपारी मला जोडून काढलं. त्याने पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. मग त्याने रॅमची पट्टी बाहेर काढली, शाळेतल्या खोडरबराने घासली, फुंकर मारून परत बसवली, आणि मी 'टुक्' असा आवाज करून जागा झालो. त्या आवाजाने दयानंद इतका खूश झाला की त्याने समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले आणि दोन्ही स्वतःच प्यायला.

पहिली काही वर्षं मी तिथल्याच एका बांधकाम कार्यालयात काढली. कल्पना नावाच्या ताई माझ्यावर काम करत. दसऱ्याला त्या मला झेंडूची माळ घालत, माझ्या डब्यावर कुंकवाचं बोट ओढत आणि आल्यागेल्याला सांगत, "हा आहे म्हणून ऑफिस चालतंय." ते ऐकून मी फुगून जात असे. पुढे तिथे नवा, काळा, सडपातळ संगणक आला आणि माझी रवानगी जिन्याखाली, रंगाच्या डब्यांशेजारी झाली. कल्पनाताई जाता-येता माझ्यावर छत्री वाळत घालत. मला त्याचं फार वाईट वाटलं. शेवटी दयानंदनेच मला परत नेलं, माझ्यातली धूळ उडवली आणि निषादच्या हवाली केलं.

निषाद जिंतूरकडचा. शिकून इकडे आला, हिंजवडीला एका कंपनीत लागला आणि धोंडाबाईंकडे भाड्याने राहू लागला. धोंडाबाई आणि त्यांचे यजमान भिकू हे इथले जुने शेतकरी. खालच्या अंगाचं रान अजून कसतात आणि वरच्या अंगाला खोल्या बांधून भाड्याने देतात. निषादला त्यांनी भाडेकरू मानलंच नाही. भाकरी झाली की त्याच्या नावाने हाक जायची. तोही त्यांना मावशी म्हणायचा.

निषाद कामात हुशार होता, पण त्याची जीभ अडकायची. त्यातही एक विचित्र गोष्ट होती. तो बसून बोलू लागला की शब्द ओठांवर येऊन थांबत, आणि चालायला लागला की तेच शब्द भराभर सुटत. खुर्चीत बसून त्याला 'पाणी' म्हणायला अर्धं मिनिट लागायचं आणि बादली घेऊन विहिरीकडे जाताना तो अख्ख्या सिनेमाची गोष्ट सांगायचा. असं का होतं ते मला कळत नाही. त्यालाही कळत नव्हतं.

मंदी आली आणि निषादची नोकरी गेली. आता दुसरी शोधायची तर मुलाखत द्यायला हवी आणि मुलाखत म्हणजे बसून बोलणं. तेव्हा कितीतरी मुलाखती माझ्यावरूनच झाल्या, कारण आमच्या खोलगट जागेत मोबाईलला रेंज मिळत नसे. निषाद डोक्याला हेडफोन लावून माझ्यासमोर बसायचा. पलीकडून प्रश्न यायचा. निषादचा पहिलाच शब्द अडकायचा. पलीकडचे साहेब थोडं थांबून त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचे आणि बहुतेक वेळा भलतंच पुरं करायचे. निषाद मान हलवायचा. मान हलवलेली वायरीतून जात नाही, मित्रांनो. मग "कळवतो" एवढं बोलून ते फोन ठेवायचे.

एकदा तो बोलता बोलता उठून उभा राहिला. पाय हलले तशी जीभ सुटली. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात हेडफोनची वायर ताणली गेली, मी टेबलावरून वीतभर पुढे सरकलो, हेडफोन त्याच्या डोक्यावरून निसटला आणि हवेत लोंबकळत राहिला. पलीकडचे साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. निषाद त्या वायरीकडे रागाने पाहत होता. माझी वायर! जिचा मी एवढा डौल मिरवत होतो ती!

दुसऱ्याच दिवशी दयानंद आला. त्याच्या हातात नखापेक्षा जेमतेम मोठा एक तुकडा होता.

"हे मागच्या खाचेत लावायचं," तो म्हणाला. "पुढची खाच सैल आहे. आता हा तुझ्या कानातल्या ब्लूटूथशी वायर नसताना बोलेल. पण काय रे, तुला एवढं कशाला हवंय? संगणकाला पाय फुटणार आहेत का?"

"म… मला फुटायचेत," निषाद म्हणाला.

दयानंद हसला, पण निषाद हसला नाही.

तो तुकडा माझ्या पाठीत बसला आणि मी हबकलो. त्याला पुढे वायरच नव्हती! काही जोडलं की त्याच्या टोकाला काहीतरी असतं, हे मी जन्मापासून बघत आलो होतो. याच्या टोकाला नुसती हवा होती. दयानंदने सीडी घालून मला त्याच्याशी बोलायला शिकवलं, मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि म्हणाला, "बघ, आजूबाजूला कोण कोण आहे ते शोध."

मी शोधलं, आणि मला घेरीच यायची बाकी राहिली. माझ्या भोवतीची हवा माणसांनी भरलेली होती. 'साहिल दि किंग' नावाचा एक फोन समोरच्या घरात होता. 'पप्पू टेम्पो' रस्त्यावरून चालला होता. 'हात लावू नको' असंही एक नाव होतं. इतकी वर्षं ही मंडळी भिंतीपलीकडून ये-जा करत होती आणि मला पत्ता नव्हता! मी स्वतःला बंद खोलीत समजत होतो आणि प्रत्यक्षात भर चौकात बसलेला होतो.

मग निषादचं कानातलं यंत्र सापडलं. त्याला आत घेण्यासाठी परवलीचा आकडा मागितला गेला आणि दयानंदने चार शून्यं दाबली. चार शून्यं! एवढ्यावर मी परक्याला घरात घेतलं. कानातल्या यंत्राचा निळा दिवा लुकलुकू लागला. निषाद उठला, दार उघडून ओट्यावर गेला, अंगणात उतरला आणि तिथून म्हणाला, "ऐकू येतंय का रे?"

त्याचा आवाज माझ्या आत उमटला. तो बाहेर, मी आत, मध्ये भिंत, आणि वायर कुठेच नाही. मित्रांनो, मी किती वेळ नुसता थिजून गेलो होतो ते मला सांगता येणार नाही. आनंद झाला की भीती वाटली हेही मला ठरवता आलं नाही.

निषाद चालत पुढे गेला. अंगणाच्या कडेच्या सोनचाफ्यापाशी आवाज खरखरला आणि त्याच्या पलीकडे तुटला. तेवढाच माझा पल्ला होता. निषादने तिथे एक वीट ठेवली. ओट्यापासून विटेपर्यंत जायचं आणि वळायचं, असं त्याचं ठरलं.

पुढचे काही दिवस त्याने सराव केला. स्वतःच्याच आवाजात प्रश्न टेप करून त्याने माझ्यात ठेवले होते. मी एकेक प्रश्न त्याच्या कानात सोडायचो आणि तो येरझाऱ्या घालत उत्तर द्यायचा. हातवारे करायचा, मध्येच थांबून मान डोलवायचा, "नाही सर, तसं नाही" म्हणायचा. जीभ कुठेही अडकत नव्हती. धोंडाबाईंना त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. आधीच्या प्रत्येक मुलाखतीच्या दिवशी त्यांनी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली होती आणि प्रत्येक संध्याकाळी त्याला "झालं नाही" असं सांगावं लागलं होतं. पुन्हा ते सांगणं त्याच्याने होणार नव्हतं.

आता हे सगळं धोंडाबाईंच्या बाजूने बघा. जेवायला बसलं की मुकं होणारं पोर भर दुपारी अंगणात एकटंच घडाघडा बोलतंय. समोर कुणी नाही. हातात फोन नाही. कानाशी काहीतरी काळं चिकटलंय आणि त्यात निळा डोळा लुकलुकतोय. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते त्या विटेच्या पुढे पाऊल टाकत नाही. तिथवर जातं आणि मागे फिरतं.

खिडकीतून मला नवरा-बायकोचं बोलणं ऐकू आलं.

"त्या विटंपल्याड जातच न्हाई ओ," धोंडाबाई म्हणाल्या. "कुणीतरी रिंगण घातल्यावानी करतंय."

"बांधावरचं कायतरी लागलं आसंल," भिकू म्हणाले. "दृष्ट काढून टाक. शनवारी काढ."

मी आतल्या आत ओरडलो. पण मला जे कुणी टाइप करेल तेच बोलता येतं आणि त्या वेळी माझ्यासमोर कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला निषादची मुलाखत होती. पुण्यातल्या एका कंपनीच्या हेमलता नावाच्या बाई प्रश्न विचारणार होत्या आणि परदेशातले एक साहेब नुसते ऐकणार होते. हा निषादचा शेवटचा प्रयत्न होता. हे नाही झालं तर महिनाअखेरीला खोली सोडून जिंतूरला परत जायचं, असं त्याने घरी कळवलं होतं. ते पत्र त्याने माझ्यावरच टाइप केलं होतं, म्हणून मला माहीत.

त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, कानात यंत्र लावलं आणि तो ओट्यावर उभा राहिला. फोन आला. चालायला सुरुवात झाली आणि काय सांगू, मित्रांनो, निषाद सुटलाच! बाईंनी कामाचं विचारलं, त्याने सांगितलं. त्यांनी अवघड विचारलं, त्याने सोपं करून सांगितलं. बाई खूश झाल्याचं त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी तर श्वास रोखून शब्द वाहत होतो. मग त्या काहीतरी गमतीचं बोलल्या आणि निषाद अंगणाच्या मधोमध खदाखदा हसला.

त्या हसण्याने घात केला. स्वयंपाकघराचं दार उघडलं. धोंडाबाई दोन्ही मुठी आवळून बाहेर आल्या. मुठींत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या होत्या. मागे पाट घेऊन भिकू.

"तिन्हीसांजंपत्तुर थांबणार हुते," धोंडाबाई म्हणाल्या, "पर आता हसाया बी लागलंय."

भिकूंनी पाट टाकला, निषादला खांद्याला धरून त्यावर बसवलं आणि म्हणाले, "हलू नगंस. बोलू बी नगंस. दृष्ट काढताना बोलायचं नसतंय."

निषाद बसला, आणि बसल्याबरोबर त्याची जीभ अडकली. दोन पावलं चालायला मिळाली असती तर त्याने एका दमात सगळं समजावलं असतं. पण भिकूंचे हात नांगर धरलेले होते आणि ते दोन्ही त्याच्या खांद्यांवर होते. "म… म… मु…" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"बगा, कसं करतंय," धोंडाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गप्प झाल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत मुठी उतरवू लागल्या.

पलीकडून हेमलताबाई विचारत होत्या, "हॅलो? निषाद, आवाज येतोय का?" मी काय करणार होतो? माझ्याकडे नुसती शांतता येत होती आणि मी तीच पुढे पाठवत होतो. इतका असहाय मी जिन्याखालीही नव्हतो.

मुठी कानाजवळून उतरताना यंत्राला लागल्या. ते निसटून धोंडाबाईंच्या पदरावर पडलं. त्यांनी एक मूठ सोडून ते चिमटीत उचललं, आणि त्यातून बारीक आवाज आला, "हॅलो, कोण आहे तिथे?"

धोंडाबाई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, आता हे यंत्र विहिरीत जाणार. पण नाही. त्यांनी ते तोंडासमोर धरलं आणि झाडाला सुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोण हायेस तू? कुठली हायेस?"

"अगं, बोलू नगंस!" भिकू ओरडले.

"मग ही कोण बोलतीया?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा यंत्राकडे वळल्या. "सांग! पोराला कशापायी धरलंयस?"

"मी हेमलता," पलीकडून गोंधळलेला आवाज आला. "मी त्यांची परीक्षा घेते आहे."

"आणि किती परीक्षा घेशील? आखाडापासनं पोरगं धड जेवलं न्हाई. बसलं की जीभ अडकती त्याची. चालताना पोपटावानी बोलतंय, पर बसलं की अडकतंय. त्यात त्याचा काय गुन्हा हाय? लई गुणाचं लेकरू हाय माझं. तुला काय पायजे ते माझ्याकडं माग, बाई. नारळ घे, दहीभात घे, कोंबडं घे. पर याला सोड."

 जी गोष्ट लपवण्यासाठी एवढी धडपड केली, माझ्या पाठीत तो तुकडा बसवला, अंगणात वीट ठेवली, ती गोष्ट आता पुण्यापासून परदेशापर्यंत पोचली होती, आणि ती मीच पोचवली होती. निषादने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

 परदेशातल्या साहेबांनी हळूच काहीतरी विचारलं. बाईंनी त्यांना दोन वाक्यांत काय ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मावशी, मला कोंबडं नको. मी भूत नाही, मी त्यांना नोकरी देता येते का ते बघते आहे. ते यंत्र त्यांच्या कानात परत घाला."

धोंडाबाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. नोकरी हा शब्द त्यांनी ऐकला आणि त्यांना एकदम सगळं कळलं. त्यांच्या हातून यंत्र पडता पडता राहिलं. त्यांनी ते निषादच्या कानात बसवायचा प्रयत्न केला, ते उलटं बसलं, पुन्हा बसवलं. भिकूंनी खांद्यावरचे हात काढले.

निषाद उठून उभा राहिला. आता तो पळत येरझाऱ्या घालू लागणार, असं मला वाटलं. तेव्हा बाई त्याच्या कानात म्हणाल्या, "चालत बोला किंवा बसून बोला, तुमची मर्जी. मघाचा प्रश्न अर्धा राहिला होता. आम्हाला घाई नाही."

निषादने विटेकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि तो परत पाटावर बसला. त्याने असं का केलं? मला वाटतं, लपवायला काही उरलंच नव्हतं, मग पळायचं कशाला?

त्याने बोलायला सुरुवात केली. पहिला शब्द अडकला. मी थांबलो, बाई थांबल्या, साहेब थांबले. शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्याला पुन्हा अडकला आणि भिकू मदत करायला तोंड उघडणार तोच धोंडाबाईंनी मिरच्यांच्या मुठीने त्यांना गप्प केलं. ते उत्तर फार वेळ चाललं. पण ते त्याचं स्वतःचं उत्तर होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मी वाहिलेल्या हजारो वाक्यांत मला ते सगळ्यात जड वाटलं.

फोन संपल्यावर धोंडाबाईंनी काढलेली दृष्ट चुलीत टाकली. असा ठसका उठला की अंगणातली माणसंच काय, समोरचा साहिलसुद्धा खोकत सुटला. "ठसका लागला," भिकू डोळे पुसत म्हणाले. "म्हंजी दृष्टबिष्ट कायबी न्हवती."

निषादला ती नोकरी लागली. कळलं तेव्हा तो धोंडाबाईंच्या पाया पडला आणि त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. हेमलताबाईंना त्यांनी खरोखरच एक नारळ पाठवला. कंपनीने निषादला मांडीवर ठेवायचा संगणक दिला, तेव्हा माझं काम संपलं. तो इथेच राहतो, पण माझ्याकडे फारसा बघत नाही. माझ्यावर एक जुना टॉवेल टाकलेला असतो. त्या टॉवेलचा मला राग येत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मित्रांनो, मला एकच सांगायचंय. वायरीने जोडलेलं असो की बिनवायरीने, मधलं यंत्र फक्त आवाज पोचवतं. समोरच्याचं ऐकून घेणं माझ्या कुठल्याच खाचेत बसवता येत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. तुमच्या वर्गात, घरात कुणी शब्दाशी अडला तर त्याचं वाक्य ओढून पुरं करू नका. त्याला ते येतं, फक्त वेळ लागतो.

परवा शेजारच्या अनसूयाबाई ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. निषाद पलीकडे बसून धोंडाबाईंना ऑफिसातलं काहीतरी सांगत होता आणि मध्येच अडकला. अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "नोकरी लागली तरी अजून अडकतंच हाय व्हय गं?"

"अडकतंय की," धोंडाबाई शेंग मोडत म्हणाल्या. "मग? आपल्याला कुटं पौडची एस्टी पकडायचीया?"